डावा हात आधी, उजवा मागाहून

पियानोच्या अगदी जुन्या रेकॉर्डी ऐकायला बसलं की एक गोष्ट लगेच कानाला खटकते. दोन्ही हात एकदम पडत नाहीत. डाव्या हाताचा खर्ज आधी वाजतो आणि उजव्या हातातला सुरावटीचा स्वर क्षणभर मागाहून येतो. छापील पानावर मात्र ते दोन स्वर नेमके एकाखाली एक असतात. पाडेरेव्हस्की, पाखमान, रोझेनताल ही एकोणिसाव्या शतकात घडलेली मंडळी शोपँ वाजवू लागली की हे हटकून होतं. याला त्या काळची हळवी खोड म्हणायचं आणि पुढे जायचं, असा रिवाज आहे. मला तो पटत नाही. ही विद्या गळ्यातून बोटांत उतरली, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा पियानोवादकांच्या गुरुपरंपरेत सापडत नाही. तो सापडतो एका गायिकेपाशी.

ती गायिका पोलिन व्हियार्दो (१८२१–१९१०). शोपँशी तिचा घरोबा होता. नोआँ गावी लेखिका जॉर्ज सँडच्या घरी दोघांचा सहवास घडे, आणि शोपँच्या माझुर्कांवर तिने गाणी बेतली होती. पुढे तिचा स्नेह जडला कामिय सँ-साँसशी. तो शोपँचा शिष्य नव्हे. शोपँ गेला तेव्हा हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. पण १९१० साली शोपँ कसा वाजवावा यावर त्याने लेख लिहिला आणि त्यात स्पष्ट सांगितलं की शोपँच्या रुबाटोचं मर्म आपल्याला व्हियार्दोकडून कळलं: साथ अढळ राहते, सुरावट तिच्यावर पुढेमागे झुलते आणि पुन्हा येऊन मिळते. त्याआधी १९०५ मध्ये याच सँ-साँसने फ्रायबुर्गच्या वेल्टे कंपनीच्या यंत्रासाठी शोपँचं एफ-शार्प मेजरमधलं नॉक्टर्न (ओपस १५, क्रमांक २) वाजवलं होतं. म्हणजे शोपँच्या हाताची लकब एका गायिकेने कानात जपली, ती दुसऱ्याच्या हातात गेली आणि तिथून भोकं पाडलेल्या कागदाच्या गुंडाळीवर उतरली. मधे एकही पियानो-गुरू नाही.

व्हियार्दोला हे इतकं नेमकं कसं उमगलं? कारण तिच्या माहेरचा तो धंदाच होता. तिचे वडील मान्युएल गार्सिया म्हणजे रोसिनीच्या ‘बार्बर ऑफ सेव्हिल’मधले १८१६ चे पहिले आल्माव्हिव्हा. तिचा भाऊ, त्याचंही नाव मान्युएल, गायनाचा विख्यात शिक्षक. त्याच्या गायनग्रंथाचा दुसरा भाग १८४७ मध्ये आला. त्यात रुबाटोची रीत दिली आहे: साथीने ठोका सोडायचा नाही, गायकाने एका स्वराचा काळ काढून दुसऱ्याला द्यायचा. या कलेतले वाकबगार म्हणून त्याने दोन नावं घेतली, आपले वडील आणि पागानिनी. आता हेही लक्षात घ्यावं की १८२९ साली पागानिनी वॉर्सात वाजवून गेला आणि एकोणीस वर्षांच्या शोपँने त्याला ऐकलं. १८३१ मध्ये शोपँ पॅरिसला पोचला, तो थेट इटालियन ऑपेराच्या भर बहरात. शिष्यांना तो गायकांना ऐकायला पिटाळत असे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या आपल्या कानाला यात नवल वाटू नये. तबलजी ठेका सोडत नाही, गायक मात्रांच्या आगेमागे खेळतो आणि समेवर येतो. दोन्ही परंपरांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण ऐकायचं नेमकं कुठे, हे त्यावरून कळतं.

ही रीत शोपँच्या पुष्कळ आधीची आहे. १७२३ मध्ये पिएर फ्रांचेस्को तोझी या कास्त्रातो गायकाने बोलोन्यात छापलेल्या पुस्तकात खर्जाच्या एकसारख्या चालीवर काळ चोरायची आणि फेडायची कला सांगितली. १७५६ मध्ये लिओपोल्ड मोझार्टने आपल्या व्हायोलिनच्या ग्रंथात साथीदारांना बजावलं की खरा कसबी वादक रेंगाळला तर त्याच्यासाठी थांबू नका, त्याचा रुबाटो बिघडेल. आणि १७७७ च्या ऑक्टोबरात त्याच्या मुलाने आउग्सबुर्गहून वडिलांना पत्रात लिहिलं की संथ रचनेत माझ्या डाव्या हाताला उजव्याचं काहीच ठाऊक नसतं, हे इथल्या लोकांना समजत नाही. त्यांचा डावा हात ढळतो. मोझार्टने एकाच वाक्यात गायक आणि साथीदार दोघांना एका माणसात बसवलं. माझ्या लेखी या कुळाचा हा खरा सांधा आहे.

यावर एक भारी आक्षेप आहे. तोझीचा गायक ओळभर रेंगाळतो. पियानोवादकाचा उशीर सेकंदाच्या अंशाचा. दोन्ही एकच कसे? प्रतिपक्ष म्हणतो की उशिराचं मूळ गळ्यात नाही, वाद्यातच आहे. फ्रान्स्वा कूपरँने १७१३ च्या हार्प्सिकॉर्डच्या पहिल्या पुस्तकात एक अलंकार दिला आहे, ज्यात सुरावटीचा स्वर मुद्दाम खर्जानंतर येतो. हार्प्सिकॉर्डवर आवाज लहानमोठा करता येत नाही. तेव्हा जोर द्यायचा तर उशीर करावा, हा त्यामागचा विचार. हा युक्तिवाद भक्कम आहे, पण तो अर्धाच आहे. पियानोला हलकं-जड वाजवता येतं; तिथे ती अडचणच उरली नाही, तरी उशीर शंभर-दीडशे वर्षं टिकला. म्हणजे गरज दुसरी कुठली तरी होती. पियानोचा स्वर वाजताक्षणी विरू लागतो. गायकासारखा तो लांबवत, रेंगाळवत नेता येत नाही. त्यामुळे गायकाचा ओळभराचा उशीर पियानोवर आक्रसून स्वराच्या उगमापाशी गोळा झाला असावा, हा माझा तर्क आहे.

त्याला बळ देणारी खूण शोपँच्या शिष्यांच्या प्रतींत आहे. जेन स्टर्लिंग आणि कामिय दुब्वा या शिष्यांच्या छापील प्रतींवर पेन्सिलीच्या लहान रेघा आहेत. उजव्या हातातल्या अलंकाराचा पहिला बारीक स्वर आणि डाव्या हातातला खर्ज त्या रेघेने जोडलेले आहेत. वरवर पाहता हे माझ्या विरुद्ध जातं, कारण शोपँ इथे दोन्ही हात एकत्र पाडायला सांगतो. पण जरा जवळून पाहा. बारीक स्वर जर खर्जाबरोबर पडला, तर मुख्य स्वर आपोआप खर्जानंतर येणार. गायक मोठ्या स्वरावर खालून घसरत चढतो, तेव्हाही हेच होतं. पुढच्या पिढीने बारीक स्वर नसतानाही ती जागा मोकळी ठेवली. अलंकार गळाला, उशीर राहिला.

दुसरा आक्षेप पुराव्यावरच आहे: वेल्टेच्या गुंडाळ्यांवर विश्वास काय ठेवायचा? स्वर किती जोरात वाजला याबाबत शंका रास्त आहे. पण कुठलं भोक आधी आणि कुठलं नंतर, हे कागदावर डोळ्यांना दिसतं. कारखान्यात कुणी डागडुजी केलीच तर तो हात जुळवून घेईल, विस्कटणार नाही. याच यंत्रावर लाइपझिगच्या कार्ल राइनेकेचीही बोटं आहेत. जन्म १८२४ चा, वृत्ती कर्मठ, मोझार्ट वाजवण्यात नावाजलेला. त्याच्याही हातांत ही फारकत आहे. त्यामुळे हा पोलिश हळवेपणा किंवा पियानो-गुरू लेशेटिट्स्कीच्या शिष्यांची लकब, हा खुलासा टिकत नाही. आणि तबकड्या काही कागदाच्या नव्हेत. शोपँचा शिष्य कारोल मिकुली याने १८७९ च्या आपल्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं की साथीचा हात ठाम लयीत आणि गाणारा हात मोकळा. त्याचा शिष्य राऊल कोचाल्स्की. त्याने वाजवलेलं ई-फ्लॅटमधलं नॉक्टर्न (ओपस ९, क्रमांक २) ऐकताना डावीकडे लक्ष द्यावं: एक खर्ज, दोन स्वरसमूह, पुन्हा खर्ज, ही चाल शांतपणे चालू राहते आणि वरची सुरावट तिच्यावर आपल्या मर्जीने येते. व्हियार्दोकडून आलेली वाट आणि मिकुलीकडून आलेली वाट एकाच ठिकाणी पोचतात. योगायोग म्हणून हे सोडून देणं मला जमत नाही.

मग ही रीत मेली कशाने? शिक्षकांच्या रागाने नक्कीच नाही. थालबर्गने १८५३ मध्येच पियानोवर गाण्याची कला शिकवताना ताकीद दिली होती की संथ सुरावटीत खर्जामागून किंचित यावं, पण सगळीकडे लांबवलं तर ते हास्यास्पद होतं. योझेफ होफमानने १९०९ च्या पुस्तकात डावा हात आधी टाकण्याला पियानोवादनातली सर्वांत वाईट सवय ठरवलं, आणि त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डींत ती अधूनमधून सापडते. छप्पन्न वर्षं बोल लावूनही बोटं ऐकत नव्हती. संहितेशी इमान राखण्याच्या आग्रहाने हा बदल झाला, असं बहुतेक अभ्यासक सांगतात. पण तो आग्रहही या काळात होताच. नवं काय आलं, तर तबकडी. १९२५ च्या मार्चमध्ये पियानोवादक कॉर्तोने कॅम्डेनला व्हिक्टर कंपनीसाठी विजेच्या मायक्रोफोनपुढे वाजवलं, आणि त्यानंतर पियानो घराघरात साफ ऐकू येऊ लागला. दिवाणखान्यात एकदाच ऐकलेला उशीर त्या क्षणाचा उद्गार असतो. तोच उशीर पन्नासाव्यांदा तसाच्या तसा ऐकला की चूक वाटू लागतो. वादकही स्वतःला प्रथमच बाहेरून ऐकत होते. १९५० मध्ये दिनू लिपात्तीने जिनीव्हात शोपँचे वॉल्ट्झ ध्वनिमुद्रित केले, तोवर हात जवळजवळ जुळलेले होते.

२०१८ पासून वॉर्सात जुन्या वाद्यांवर शोपँची स्पर्धा भरू लागली आणि काही तरुण पुन्हा हात सोडून वाजवू लागले आहेत. त्याचा आनंद आहे, पण माझी एक तक्रार आहे. उशीर तेवढा उचलला जातो. डावा हात मात्र उजव्याबरोबर ढळतो, थबकतो, पुन्हा धावतो. मोझार्टची आउग्सबुर्गच्या वादकांविषयी हीच तक्रार होती. गायकाकडून घ्यायचं ते घेतलं, पण साथीदाराकडून घ्यायचं राहूनच गेलं. कोचाल्स्कीची तबकडी आणि सँ-साँसची गुंडाळी यांच्याकडून शिकायचं असेल तर आधी महिनाभर नुसती डावी बाजू बसवावी.