राणीचा बाग : एका सहलीचा इतिहास



उन्हाळ्याची सुटी लागली म्हणजे मुंबईस नातलगांकडे गेलेल्या मुलांना राणीचा बाग दाखवून आणण्याचा प्रघात आपल्याकडे कित्येक पिढ्यांचा आहे. पोळीभाजीचा डबा घ्यावा, भायखळ्यास उतरावे, हत्ती आणि माकडे पाहावीत, झाडाखाली बसून डबा सोडावा, आणि ऊन फारच चढले तर लगतच्या संग्रहालयाच्या गारव्यात शिरावे. बरोबर एखादा हौशी मामा असला, तर परतताना तो चोरबाजारातही एक फेरी मारतो. अशा रमतगमत घालवलेल्या दिवसाशी इतिहासाचा काय संबंध, असे आपल्याला वाटेल. पण बाग, संग्रहालय आणि जुना बाजार या तीनही जागा एकाच प्रश्नाभोवती फिरतात : माणसाने काय जपावे, आणि काय टाकून द्यावे?

आरंभ संग्रहालयापासून करू. १८५१ साली लंडनला आणि १८५५ साली पॅरिसला मोठी प्रदर्शने भरली. त्यांच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातील कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा करण्यात आले, आणि त्यांतून कोटातल्या बराकीत एक सरकारी संग्रहालय उभे राहिले. सरकारचा हेतू उघड होता. या देशात काय पिकते, काय घडते आणि त्याचा व्यापार कसा करता येईल, हे त्याला पाहावयाचे होते. पुढे १८५७ चा उठाव झाला. लष्कराला बराक हवी झाली, आणि संग्रहातील वस्तू घाईघाईने बाहेर काढण्यात आल्या. पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. ज्यांनी त्या जमवल्या, त्यांनाच अडचणीच्या वेळी त्यांचे ओझे झाले. एका दिवसात नमुन्यांचे भंगार झाले!

त्यानंतरचे काम मात्र नागरिकांनी उचलले. जॉर्ज बर्डवूड या इंग्रज डॉक्टराला संग्रहाची कळकळ होती. त्याच्या बरोबरीने नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे या कामी पुढे झाले. भाऊंची गोष्ट येथे थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. हे मूळचे गोव्यातील मांद्रे गावचे. घरची स्थिती बेताची. मातीच्या बाहुल्या विकून कुटुंबाची गुजराण होत असे, असे त्यांच्या चरित्रात आढळते. असा मुलगा मुंबईस शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत डॉक्टर झाला, आणि रोगी तपासता तपासता प्राचीन शिलालेख वाचू लागला. अजिंठ्याच्या लेखांवर त्यांनी केलेले काम विद्वानांनी मानले. दुसऱ्याला जो नुसता खरवडलेला दगड दिसे, त्यात या गृहस्थाला राजांची नावे दिसत. संग्रहालयाची तळमळ अशाच माणसाला लागावी, यात नवल नाही.

सभा भरल्या, वर्गण्या जमल्या. १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते भायखळ्यास इमारतीची कोनशिला बसली. तो काळ मुंबईत पैशाचा पूर येण्याचा होता. अमेरिकेत यादवी युद्ध चालू असल्याने आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि शहरात शेअरांचे वेड माजले होते. १८६५ साली युद्ध संपले आणि फुगा फुटला. काल हजारांच्या देणग्या बोलणारे आज तोंड चुकवू लागले. त्याच वर्षी नाना शंकरशेटही गेले. काम रखडले, पुढे सरकारी पैशाची जोड मिळाली तेव्हा ते तडीस गेले, आणि २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांना खुले झाले. भाऊंना तो दिवस पाहता आला. दोनच वर्षांनी, १८७४ मध्ये, त्यांचे निधन झाले. १९७५ पासून ते संग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

आज आत गेले म्हणजे नक्षीदार लोखंडी खांब आणि सोनेरी वर्ख दिलेले छत पाहून डोळे दिपतात. पण मुले थबकतात ती काचेच्या कपाटांतील मातीच्या छोट्या मूर्तींपाशी. निरनिराळ्या जातीजमातींची माणसे, त्यांचे पोशाख, कारागिरांचे धंदे, सारे वीतभर उंचीत उभे आहे. यांतील बऱ्याचशा मूर्ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या, म्हणजे भाऊंच्या पश्चात घडलेल्या. तरीही बाहुल्या विकणाऱ्या घरातील मुलाचे नाव धारण करणाऱ्या वास्तूत मातीच्या बाहुल्याच मानाने बसाव्यात, हा योग मोठा हृद्य आहे. मात्र त्याला एक कडू बाजूही आहे. ज्या राजवटीने कारागिरांच्या या प्रतिमा हौसेने घडवून घेतल्या, तिच्याच काळात गिरणीच्या मालाने अनेक कारागिरांच्या पोटावर पाय आणला. कपाटातला कारागीर सुखरूप राहिला, रस्त्यावरचा देशोधडीला लागला. प्रतिमा जपली म्हणजे माणूस जपला, असे होत नाही.

आता बाहेर बागेत येऊ. ही बागही १८६२ मध्येच लोकांस खुली झाली. शेती व बागाईत यांना उत्तेजन देणाऱ्या एका संस्थेने ती उभारली, आणि १८७३ मध्ये ती संस्था संपुष्टात आल्यावर बाग नगरपालिकेकडे आली. तेव्हाचे तिचे नाव व्हिक्टोरिया राणीचे. आता ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. लोकांच्या तोंडी मात्र राणीचा बाग तो राणीचा बागच! आपण तेथे प्राणी पाहावयास जातो; २०१७ पासून तर पेंग्विन पाहावयास रांगा लागतात. पण बागेचे खरे धन तिच्या झाडांत आहे. गोरखचिंचेचा भलामोठा बुंधा, खोडालाच फुले धरणारा कैलासपती, ही झाडे मुंबईच्या गर्दीत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा या झाडांचे काय होणार, अशी काळजी काही नागरिकांना वाटली. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, हरकती घेतल्या, आणि ही बाग हा शहराचा वारसा आहे, हे पटवून देण्याचा नेट धरला.

संग्रहालयाच्या आवारात एक दगडी हत्ती आहे. मुले त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करून खऱ्या हत्तीकडे धावतात. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. याच्याचमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना साखळी तुटली, आणि त्याचे तुकडे झाले. तुकड्यांचे काय करावयाचे, म्हणून ते या बागेत आणून टाकले. पुढे १९१४ मध्ये ते जुळवून हत्ती पुन्हा उभा करण्यात आला. साखळी मजबूत असती, तर तो आज विलायतेत असता! याच आवारात साम्राज्याचे पुतळेही आले. १९६५ मध्ये भर रस्त्यावरचा काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा पुतळा, तेथून काढून येथे आणला. ज्यांना आपण कायमचे आहोत असे वाटत होते, त्यांची ही दशा. आणि ज्याचे तुकडे झाले होते, तो हत्ती दाराशी उभा!

तिसरा मुक्काम चोरबाजाराचा. मटन स्ट्रीट आणि तिच्या आसपासच्या गल्ल्यांत हा बाजार पसरला आहे. येथे शोर फार, म्हणून मूळ नाव शोरबाजार, आणि साहेबाच्या उच्चाराने त्याचा चोरबाजार झाला, अशी कथा सांगतात. ती खरी मानावी की गमतीची, हे ज्याचे त्याने ठरवावे. शुक्रवारी तर पहाटेपासूनच रस्त्यावर माल मांडलेला असतो. ग्रामोफोनचा कर्णा, बंद पडलेली घड्याळे, सिनेमाची जुनी भित्तिपत्रके, पितळी समया, कोरीव खांब, पानाचे डबे. यांतले पुष्कळसे आपल्यासारख्यांच्याच घरांतून आलेले. वाडा पडतो, भावाभावांच्या वाटण्या होतात, नव्या घरात देवघराला जागा उरत नाही, आणि आजीची समई वजनावर जाते. आपण ती मोडीत काढतो; कोणी जाणता ती पुसून मांडून ठेवतो, आणि तिची किंमत आपल्यालाच ऐकवतो.

संग्रहालय आणि जुना बाजार यांत अंतर किती, तर एका नजरेचे. संग्रहालयाची वास्तूही तिच्या शतकोत्तर आयुष्यात जीर्ण झाली होती. २००३ मध्ये महानगरपालिका, वारशाच्या रक्षणाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान एकत्र आली, आणि २००८ मध्ये ती पुन्हा देखणी होऊन उघडली. म्हणजे एकदा वस्तू वाचवाव्या लागल्या, एकदा वास्तू. पुढची पाळी केव्हा येईल, ते सांगता येत नाही.

तेव्हा येत्या सुटीत मुलांना घेऊन अवश्य जा. घाई करू नका. दगडी हत्तीपाशी क्षणभर थांबा, झाडांची नावे वाचा, एखादा मातीचा कारागीर मुलांना दाखवा. आणि घरी परतल्यावर माळ्यावरचे जुने सामान भंगारवाल्यास देण्यापूर्वी एकदा खाली काढून, ते कोणाचे होते, एवढे मुलांना सांगा. तेवढे झाले तर सहल पुरी झाली असे मी समजेन.