मोटारसायकलीची उंची आणि मागचे शॉक

मोटारसायकलीची बैठक जमिनीपासून किती उंच असावी, हें पुष्कळ वर्षें कारखानदारच ठरवीत असे. धन्याच्या हातीं त्यांतलें कांहीं नव्हतें. १८८५ सालीं जर्मनींत डाइमलर व मायबाख ह्यांनीं जी लाकडी दुचाकी चालविली, तिचें मागचें चाक चौकटीलाच जखडलेलें होतें. पुढें लोखंडी चौकटी आल्या, तरी बहुतेक गाड्यांचें मागचें चाक तसेंच राहिलें. रस्त्याचा धक्का बैठकीखालच्या स्प्रिंगांनीं सोसावयाचा, आणि उरलेला स्वाराच्या कण्यानें!

प्रयत्न झाले नाहींत असें नव्हे. अमेरिकेंतील इंडियन कंपनीनें १९१३ सालीं मागच्या चाकास कमानी बसविल्या. इंग्लंडांत फिलिप व्हिन्सेंट ह्यांनीं १९२८ पासून चौकटीचा मागचा त्रिकोणच बिजागरीवर हालता केला. इतर कारखानदार मात्र बिचकत होते, आणि तें अगदींच अकारण नव्हतें. बिजागरी झिजली कीं चाक वरखालीं होण्याऐवजीं आडवें डुलूं लागे, आणि वेगांत तें जिवावर बेते. ही भीति मोडली दुसऱ्या महायुद्धानंतर. रॉयल एनफील्डनें १९४९ च्या सुमारास बुलेटला मागचा झुलता बाहू दिला. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंची चौकट असलेल्या नॉर्टनवर जेफ ड्यूक १९५० सालीं आइल ऑफ मॅन बेटावरील सीनियर शर्यत जिंकला. पुढें बुलेट १९५५ पासून आपल्याकडे मद्रासेंत जोडली जाऊं लागली. हार्ले-डेव्हिडसननें आपल्या मोठ्या गाडीस मागचे शॉक दिले ते १९५८ सालीं.

माझ्या मतें ह्या बदलाचें खरें महत्त्व निराळेंच आहे. उंची आतां चौकटीच्या लोखंडांत राहिली नाहीं. ती दोन नळ्यांच्या लांबींत येऊन बसली, आणि नळ्या तर चार बोल्ट काढले कीं बदलतां येतात. पाय जमिनीस न पुरणाऱ्या स्वारास, मग ती स्त्री असो कीं ठेंगणा पुरुष, हा मोठाच आधार होता. दीडदोनशें किलोची गाडी चौकांत टांचा टेकून सांवरतां यावी, ही मागणी चैनीची खास नव्हे. हार्लेनें १९७७ सालीं 'लो रायडर' ह्या नांवाचीच गाडी काढली. म्हणजे ठेंगणेपणा ही विकाऊ वस्तु झाली.

आतां, श्रोतेहो, हिशेब पाहूं. शॉक इंचभर आंखूड केला कीं बैठक इंचभर उतरते, असें गिऱ्हाईक समजतें. तसें होत नाहीं. शॉक बाहूच्या टोकाशीं, आंसाजवळ असला तर गाडीची मागची बाजू साधारण इंचभर उतरते. तो बिजागरीकडे सरकलेला असला तर अधिक. हल्लींच्या एकाच शॉकच्या गाड्यांत इंचाचे दोनाहून अधिकही होतात. शिवाय सगळी गाडी पुढच्या आंसाभोवतीं फिरते, म्हणून दोन चाकांच्या मध्यें असलेली बैठक मागच्या टोकाइतकी उतरत नाहीं.

'फिरते' हाच शब्द महत्त्वाचा. दोन आंसांत १४०० मिलिमीटर अंतर असलें आणि मागची बाजू २५ मिलिमीटर बसली, तर गाडी सुमारें एक अंश मागें कलते. एका अंशाचें काय मोठेंसें, असें कोणी म्हणेल. पण तेवढ्यानें पुढचा फोर्क अधिक निजतो, गाडी वळण्यास संथ होते, आणि रात्रीं दिव्याचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पाय ठेवण्याचे दांडे व सायलेन्सर वळणावर लवकर घासतात.

खरी अडचण चाकाच्या वरखालीं होण्याच्या जागेची. शॉकची चाल पूर्वींइतकीच ठेवली तर खड्ड्यांत टायर मडगार्डला भिडतो. चाल कमी केली तर तेंच ओझें थोड्या अंतरांत थोपवावें लागतें, म्हणून स्प्रिंग कडक हवी. आणि कडक स्प्रिंग म्हणजे पुन्हां स्वाराचा कणा आलाच! नुसता आंखूड शॉक घेऊन स्प्रिंग मऊच ठेवणाऱ्याची गाडी प्रत्येक गतिरोधकावर तळाला आपटते.

जाणता कारागीर मागें उतरविलें तितकें पुढेंही उतरवितो. त्यानें कल सुधारतो, जमिनीपासूनचें अंतर मात्र आणखी घटतें. बैठकीचा फोम कापणें कोणाला गबाळें वाटेल, पण त्यांत चाकांची भूमिति बिघडत नाहीं. आणि शॉक बदललेच, तर बाजूचा स्टँडही त्या मानानें कापून घ्यावा लागतो. नाहींतर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागतांच पलीकडच्या अंगावर पडते.