फ्रेशरचा रेझ्युमे: 'अनुभव' या रकान्यात नेमकं काय लिहायचं?

पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वर्ड फाईल फिरू लागते. आधीच्या बॅचमधल्या कुणाचा तरी रेझ्युमे. नाव, टक्के आणि मोबाईल नंबर बदलला की नवा रेझ्युमे तयार. त्यामुळे एकाच कॉलेजमधून आलेल्या अर्जांत सगळेच 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर' आणि 'क्विक लर्नर' असतात. छंदही तेच: वाचन, संगीत, क्रिकेट. या गठ्ठ्यातून कुणाला बोलवायचं, हे एचआरने ठरवायचं तरी कशावरून?

बायोडेटा की रेझ्युमे?

मराठी घरांत 'बायोडेटा' हा शब्द नोकरी आणि लग्न, दोन्हींसाठी चालतो. घोळ तिथूनच सुरू होतो. वडिलांचा व्यवसाय, धर्म, जात, वैवाहिक स्थिती यातलं काहीही खासगी कंपनीच्या रेझ्युमेत लागत नाही. सरकारी भरतीचं वेगळं आहे, तिथे अर्जात जे विचारलंय ते भरावंच लागतं. फ्रेशरला एक पान पुरेसं असतं. शेवटचं 'वरील माहिती सत्य आहे' हे डिक्लेरेशन गाळलं तरी सहसा बिघडत नाही.

आधार आणि पॅन नंबर मात्र रेझ्युमेवर कधीच टाकू नये. ही फाईल पुढे किती जणांकडे जाते, हे उमेदवाराला कळत नाही. निवड झाल्यावर कागदपत्रं मागितली, तर फक्त शेवटचे 4 आकडे दिसणारं 'मास्क्ड आधार' यूआयडीएआयच्या वेबसाईटवरून डाऊनलोड करता येतं. आधी तेच चालेल का, असं विचारावं.

अनुभव नाही, मग लिहायचं काय?

बहुतेक विद्यार्थी इथे अडतात आणि 'फ्रेशर' एवढंच लिहून मोकळे होतात. खरं तर अनेकांनी पगाराची नोकरी केलेली नसली तरी काम केलेलं असतं.

'कमवा व शिका'चंच घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेतून रुजलेल्या या कल्पनेवर आज राज्यातल्या अनेक कॉलेजांत योजना चालते. ग्रंथालयात, ऑफिसात किंवा बागेत काही तास काम करून मुलं शिकतात. पण रेझ्युमेत हे लिहायला अनेकांना संकोच वाटतो, घरची परिस्थिती उघडी पडेल असं वाटतं. एचआरच्या नजरेला मात्र त्यात वेळ पाळणं, वरिष्ठांच्या हाताखाली काम करणं आणि कॉलेज सांभाळणं दिसतं. ते लपवण्यात उमेदवाराचंच नुकसान आहे.

एनएसएसचं शिबिर, घरच्या दुकानाचं जीएसटी बिलिंग, गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, शाळकरी मुलांच्या शिकवण्या हेही कामच. फक्त ते नेमकं लिहावं लागतं. 'लीडरशिप स्किल्स' म्हटल्याने काही कळत नाही. 'मंडळाचा जमाखर्च दोन वर्षं एक्सेलमध्ये ठेवला, विसर्जनानंतर सभासदांसमोर मांडला' हे वाचल्यावर अकाउंट्सच्या जागेसाठी मुलाखत घेणाऱ्याला निदान पुढचा प्रश्न तरी सुचतो. मुलाखतीतल्या 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'चं उत्तरही यातूनच तयार होतं. इंग्रजी कच्चं असलं तरी स्वतः केलेल्या कामाबद्दल साध्या वाक्यांत बोलता येतं. पाठ केलेला परिच्छेद मध्येच अडकतो.

माणसाआधी सॉफ्टवेअर वाचतं

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी 'एटीएस' म्हणजे अ‍ॅप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टिममध्ये जातो. दोन कॉलम, आयकॉन, 'एक्सेल: 4 स्टार' अशी सजावट असेल तर काही सिस्टिमना मजकूर नीट वाचता येत नाही. तपासायची सोपी पद्धत आहे: पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. तिथे क्रम विस्कटला, तर सॉफ्टवेअरमध्येही विस्कटण्याची शक्यता असते. जाहिरातीतले शब्द पांढऱ्या अक्षरांत लपवून टाकायची 'ट्रिक' रील्समध्ये दिसते. मजकूर सिलेक्ट केला की ती लगेच उघडी पडते.

ईमेल आयडी नाव-आडनावाचा असावा, शाळेत असताना गंमत म्हणून काढलेला नको. लिंक्डइनवरच्या तारखा आणि रेझ्युमेतल्या तारखा जुळायला हव्यात. एचआर अनेकदा व्हॉट्सअ‍ॅपवरच मेसेज करतात, तेव्हा डीपीकडेही एकदा पाहिलेलं बरं.

थोडं फुगवून लिहिलं तर?

टक्के वाढवणं, न केलेली इंटर्नशिप दाखवणं, बॅकलॉग लपवणं हे प्रकार बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पकडले जातात. मार्कशीट विद्यापीठाकडून तपासता येते. पीएफ कापला जाणाऱ्या नोकरीची नोंद यूएएन नंबरवर राहते, त्यामुळे खोटा अनुभव जुळत नाही. ही तपासणी कधीकधी रुजू झाल्यानंतर पूर्ण होते, आणि तेव्हा हातातली नोकरी जाते. सीजीपीएचे टक्के करायचं सूत्रही विद्यापीठागणिक वेगळं असतं, म्हणून मार्कशीटवर असेल ते आणि तसंच लिहावं.

नोकरीच्या पोर्टलवर रेझ्युमे टाकला की काही दिवसांत 'तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशन फी भरा' असे फोनही येऊ शकतात. मुलाखत न घेता ऑफर देऊन लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा ट्रेनिंगचे पैसे मागणारा फसवत असतो, असंच धरून चालावं. पैसे गेलेच तर 1930 या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी थांबवली जाण्याची शक्यता जास्त.