रानडुकराची शिकार व शिकारी कुत्री
रानडुकराचा (सस स्क्रोफा) माग काढणे, त्याला दडणीतून उठवणे व अडवून धरणे यांसाठी कुत्री वापरण्याची जुनी पद्धत. नाले, दगडधोंडे व काटेरी झुडपांच्या मुलखात तीव्र घ्राणशक्तीची, काटक कुत्री उपयोगी पडतात. नजरेने पाठलाग करणारा कारवानी कुत्रा मोकळ्या माळावर सरस. दाट झाडोऱ्यात त्याचा वेग वाया जातो. जाणते कुत्रे अंतर राखून भुंकत डुकराला रोखते. थेट अंगावर जाणारे सुळ्यांनी फाडले जाते. वाशीम जिल्ह्यातील मेडशी (ता. मालेगाव) परिसरासारख्या जंगलालगतच्या शिवारांत रानडुकरे पिकांची नासधूस करतात. तथापि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्याचा पाठलाग करणे वा त्याला हाकणे हीदेखील शिकारच असून परवानगीशिवाय ती गुन्हा ठरते.