जस्त, किल्ल्यातली माती आणि माझी कोरी पट्टी

मागून जो घूं घूं आवाज येतोय तो कूलरचा नाही, माझ्या लेझर एनग्रेव्हरच्या एक्झॉस्टचा आहे. दहा वॉटचा डायोड लेझर, निळा प्रकाश. दिवसभर कोड लिहायचा आणि रात्री नांदेडच्या या खोलीत लाकूड जाळायचं, असं सध्या चाललंय. इतिहासाच्या पॉडकास्टात हे यंत्र कुठून आलं? आईनं दिलेल्या एका कामामुळे.

आमच्याकडे आजीच्या लग्नातला तांब्याचा तांब्या आहे. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलंय: कुणाकडून आहेर, गाव, तारीख. अशी भांडी तुमच्याही घरी असतील. आई म्हणाली, पुतणीच्या बारशाला हाच द्यायचा, त्यावर पोरीचं नाव घाल, एवढं मशीन घेतलंस की!

आता लेझरवाल्यांचा एक साधा नियम आहे. नवीन मटेरियल आलं की आधी टाकाऊ तुकड्यावर चौकटी मारायच्या. आडव्या ओळीत वेग वाढवत न्यायचा, उभ्या ओळीत पॉवर. मग ज्या चौकटीत रंग नीट आला ते सेटिंग उचलायचं. सागवानाचे आकडे प्लायवूडला चालत नाहीत, प्लायवूडचे चामड्याला नाहीत. (रेक्झिन मात्र अजिबात लावू नका. त्यात पीव्हीसी असतं, जळलं की हायड्रोजन क्लोराइडचा विषारी वायू निघतो. फुप्फुसं तुमचीच आहेत.)

तर अर्थिंगची एक तांब्याची पट्टी आणली, घासली, छत्तीस चौकटी मारल्या. छत्तीसच्या छत्तीस कोऱ्या! तांबं उष्णता इतक्या भरभर पसरवतं की ठिपका तापायच्या आत गार होतो. वर चकचकीत पृष्ठभागावरून प्रकाश उलटा फिरतो, म्हणून गॉगल काढायची सोय नाही. आई दारातून म्हणाली, "कशाला जाळायलास रे भांडं?" भांडं नाही गं, पट्टी आहे.

ती कोरी पट्टी बघत बसलो आणि बीदर आठवलं.

आमचं मूळ गाव उदगीर. उदगीर म्हटलं की लोक १७६० ची लढाई काढतात, पण आजोबांच्या जुन्या कागदांवर 'तालुका उदगीर, जिल्हा बीदर' असं आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके बीदरपासून तोडून उस्मानाबादला जोडले, आणि १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. म्हणजे बिदरी कलाकुसर आपण 'कर्नाटकाची' म्हणून बघतो ती माझ्या आजोबांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणची होती.

बिदरी म्हणजे काळ्याभोर धातूवर चांदीची नक्षी. पाहणाऱ्याचं लक्ष चांदीकडे जातं, पण खरी गंमत त्या काळ्यात आहे. तो धातू मुख्यतः जस्त, त्यात थोडं तांबं. कारागीर साधारण सोळाला एक असं प्रमाण सांगतात.

आणि जस्त हा महाअवघड धातू. लोखंड, तांबं, कथील भट्टीच्या तळाशी मिळतात. जस्ताचं तसं नाही. ते ९०७ अंशांना उकळतं, आणि खनिजातून सुटायला साधारण तेवढीच किंवा जास्त उष्णता लागते. त्यामुळे ते बाहेर येतं ते वाफ होऊनच. हवा लागली की पुन्हा पांढरी भुकटी. राजस्थानात जावरच्या कारागिरांनी यावर तोड काढली: मातीच्या वांग्यासारख्या मुशी उलट्या ठेवायच्या, वाफ नळीतून खाली उतरवायची आणि तिथं गार करायची. विल्यम चॅम्पियननं इंग्लंडमध्ये जस्ताचं पेटंट घेतलं १७३८ मध्ये. त्याच्या कितीतरी शतकं आधी जावरला जस्त मोठ्या प्रमाणावर गाळलं जात होतं.

असा धातू हातात आल्यावर त्याचं करायचं काय? नुसतं जस्त राखाडी, निस्तेज. दख्खनच्या कारागिरांनी त्याचं जे केलं ते मला टेस्टिंगचं फार मोठं काम वाटतं. परंपरा बिदरीचं नातं बहमनी दरबाराशी, म्हणजे पंधराव्या शतकाशी जोडते.

ओतलेलं भांडं कानशीनं घासतात आणि त्यावर मोरचुदाचं पाणी चोळतात. भांडं तात्पुरतं काळं होतं. का? तर टोकदार पोलादानं काढलेली रेघ स्पष्ट दिसावी म्हणून. मग छिन्नीनं खाचा, खाचांत चांदीची तार ठोकून बसवायची, पुन्हा घासायचं. या टप्प्यावर सगळं भांडं जवळजवळ एकाच रंगाचं दिसतं. चांदी कुठं, जस्त कुठं, पटकन कळत नाही. एवढी मेहनत आणि दिसतंय काहीच नाही!

मग येते माती. बीदरच्या किल्ल्यातल्या, ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेल्या जागेची. ती नवसागरासोबत पाण्यात मिसळून गरम भांड्याला लावतात. जस्त कायमचं काळं होतं, चांदी तशीच पांढरी राहते. आणि यात ते थोडंसं तांबं कामाला येतं. शुद्ध जस्तावर हा काळा रंग तसा धरतच नाही.

पण माती बरोबर आहे हे ओळखायचं कसं? कारागीर ती जिभेला लावून बघतो. चवीवरून ठरतं, ही चालेल, ही नाही. माझ्या छत्तीस चौकटींपुढे ही एक चव! पण ती चव जिभेवर यायला किती भांडी वाया गेली असतील, त्यांचा हिशेब कुठल्याच म्युझियममध्ये मांडलेला नसतो. तिथं फक्त जमलेले हुक्के असतात.

मोरचुदाच्या तात्पुरत्या काळ्यावरून मला युक्ती सुचली. पट्टीवर काळा पेंट मारला, लेझरनं फक्त अक्षरांपुरता पेंट उडवला आणि पट्टी फेरिक क्लोराइडमध्ये ठेवली. पेंट उडालेलं तांबं खाल्लं गेलं, अक्षरं उमटली. पहिल्या तीन वेळा कडा फाटक्या, चौथ्यांदा स्वच्छ. खुशीत आईला दाखवली.

आईनं पट्टी बघितली, तांब्या बघितला. "पट्टी सपाट आहे," म्हणाली. "आणि हे औषध तांब्या किती खाईल?" किती मिनिटं ठेवायचं ते मला माहीत होतं, पण अर्थिंगच्या पट्टीसाठी. साठ वर्षं घासून झिजलेल्या भांड्यासाठी नाही. आणि दुसरा तांब्या नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही भांड्यांच्या बाजारात नाव घालणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी आधी तांब्या कानाशी धरून बोटानं तीन-चार ठिकाणी वाजवला. मी जुन्या नावाखालची जागा दाखवली. "इथं नको," म्हणाले, "इथं पातळ झालंय. जरा खाली घालू."