तबस्सुम : दूरदर्शनवरील गप्पांच्या पहिल्या यजमान

भारतीय दूरचित्रवाणीवरील मुलाखतींचा इतिहास ज्या नावापासून सुरू होतो, ते नाव म्हणजे तबस्सुम. मुंबई दूरदर्शनवरील ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा त्यांचा कार्यक्रम देशातील पहिला ‘टॉक शो’ मानला जातो.

तबस्सुम यांचा जन्म ९ जुलै १९४४ रोजी मुंबईत झाला. वडील अयोध्यानाथ सचदेव हिंदू, तर आई असगरी बेगम मुस्लिम. कागदोपत्री त्यांचे नाव किरणबाला होते. परंतु स्मितहास्य या अर्थाचे ‘तबस्सुम’ हेच नाव रूढ झाले. १९४७ च्या ‘नर्गिस’ चित्रपटातून ‘बेबी तबस्सुम’ पडद्यावर आली. ‘दीदार’मध्ये (१९५१) नर्गिसचे, तर ‘बैजू बावरा’मध्ये (१९५२) मीनाकुमारीचे बालपण तिने साकारले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा कार्यक्रमही. तो १९९३ पर्यंत, म्हणजे तब्बल २१ वर्षे चालला. केसांत माळलेले गुलाबाचे फूल, उर्दू शेरांची पेरणी, मधूनच एखादा विनोदी चुटका ही त्यांची ओळख. स्वतः चित्रपटसृष्टीत वाढल्यामुळे समोरच्या कलावंताशी त्यांचा संवाद घरोब्याचा होई. पाहुण्याला अडचणीत पकडण्यापेक्षा त्याला बोलते करण्याकडे त्यांचा कल असे.

‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाचे संपादन त्यांनी सुमारे १५ वर्षे केले. ‘तुम पर हम कुर्बान’ (१९८५) हा चित्रपटही त्यांनी दिग्दर्शित केला.  उतारवयात ‘तबस्सुम टॉकीज’ या यूट्यूब वाहिनीवरून त्या जुन्या कलावंतांच्या आठवणी सांगत राहिल्या. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

दूरदर्शनच्या आरंभीच्या काळात चित्रफिती महाग असत. त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे त्या काळातील पुष्कळ कार्यक्रम कायमचे नाहीसे झाले. बोलणारी माणसे गेली आणि त्यांचे बोलणेही गेले. यूट्यूबवर आठवणी नोंदवून ठेवण्याच्या तबस्सुम यांच्या अखेरच्या उद्योगाचे मोल म्हणूनच मोठे आहे.

आज त्यासाठी मुंबईच्या केंद्राची गरज उरलेली नाही. पेडणे तालुक्यात दशावतारी नाटकाची परंपरा जुनी आहे आणि त्यातील पुष्कळसे ज्ञान वयोवृद्ध कलावंतांच्या केवळ स्मरणात आहे. हरमलमधील एखादा तरुण मोबाईल समोर ठेवून ते नोंदवू शकतो. विचारण्याआधी पाहुण्याची माहिती करून घ्यावी, त्याला मोकळे होऊ द्यावे आणि झालेले बोलणे जपून ठेवावे, एवढे पथ्य पाळले तरी पुढच्या पिढीसाठी मोठा ठेवा उरेल.