नीरेचा कालवा आणि डबक्यातला मासा

1876-78 च्या दुष्काळाने होरपळलेल्या बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात 1885 च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले, लासुर्ण्याच्या परिसरात बागायत वाढली आणि पुढे वालचंदनगरच्या साखर कारखान्याने उसाला आणखी बळ दिले. या इतिहासात माणसाची नोंद भरपूर आहे, माशाची जवळपास नाही, ही मोठी उणीव होय. वास्तविक कालव्याचे पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक पाळीने सुटते आणि दोन पाळ्यांमध्ये उरलेल्या, तापलेल्या, कुजक्या डबक्यात ऑक्सिजन झपाट्याने घटतो. अशा पाण्यात मरळ आणि मागूर हे मासे तग धरतात, कारण कल्ल्यांखेरीज त्यांना थेट हवेतून श्वास घेणारी पूरक इंद्रिये असतात; मागूराच्या जातीच्या 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय आराखड्यात तर स्नायूंत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकांच्या जादा प्रती आढळल्या.

मात्र जनुक असणे पुरेसे नाही, ते वेळेवर कार्यरत व्हावे लागते. बहुतेक प्राण्यांच्या पेशींत एचआयएफ नावाचे नियामक प्रथिन असते. ऑक्सिजन मुबलक असताना विकरे त्याच्यावर खूण करतात आणि ते नष्ट होते, परंतु ऑक्सिजन घटताच खूण थांबते, प्रथिन पेशीकेंद्रात साचते आणि ऑक्सिजनविना साखर वापरून ऊर्जा मिळवणारी जनुके जागी करते. या शोधासाठी सेमेन्झा, रॅटक्लिफ आणि केलिन या शास्त्रज्ञांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. नीरेच्या कालव्याचा इतिहास लिहिताना हा जलचरांचा अध्यायही अभ्यासकांनी हाती घ्यावा.